परतलेला आघाडीपटू: स्मृती, संस्कार आणि ऋण

एखाद्या फुटबॉल क्लबाने आपल्या जुन्या आघाडीपटूला पुन्हा करारबद्ध करावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो, आणि वय, वेतन, दुखापती व गोलांची सरासरी यांचा हिशेब मांडला की त्याचे उत्तर हाती येईल, असे सामान्यतः मानले जाते. परंतु या हिशेबाच्या तळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न असतात. परत येणारा मनुष्य हा निघून गेलेलाच मनुष्य आहे काय, हा पहिला. आणि त्याने पूर्वी केलेल्या उपकाराचे ऋण कोणत्या रूपाने फेडणे न्याय्य ठरते, हा दुसरा. या दोहोंचा विचार न करता घेतलेला निर्णय बहुधा एक तर भावनेच्या भरात घेतला जातो, नाही तर कृतघ्नतेकडे झुकतो.

या दृष्टीने लिव्हरपूल क्लब आणि रॉबी फाउलर यांचे उदाहरण विशेष विचारार्ह आहे. लिव्हरपूल शहराच्या टॉक्सटेथ भागात 1975 साली जन्मलेला हा मुलगा क्लबाच्या कुमार संघातून वर आला, 1993 च्या सप्टेंबरात फुलहॅमविरुद्ध पहिलाच सामना खेळताना त्याने गोल केला, आणि दोनच आठवड्यांनी त्याच संघाविरुद्धच्या परतीच्या सामन्यात एकट्याने पाच गोल केले. पाठीराखे त्याला ‘गॉड’, म्हणजे साक्षात देव, म्हणू लागले ते केवळ गोलांसाठी नव्हे. कामावरून काढलेल्या लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर त्याने 1997 मध्ये एका युरोपीय सामन्यात जर्सीखालच्या शर्टावर दाखवला आणि त्याबद्दल दंड सोसला. त्याच महिन्यात आर्सेनलविरुद्ध पेनल्टी मिळाली असता, गोलरक्षकाने आपल्याला पाडले नाही, असे त्याने स्वतः पंचांना सांगितले. हाच खेळाडू 2001 च्या नोव्हेंबरात लीड्सला विकला गेला, तेथून मँचेस्टर सिटीकडे गेला, आणि कंबर व गुडघ्याच्या दुखण्यांनी थकलेल्या अवस्थेत, वयाच्या तिसाव्या वर्षी, 2006 च्या जानेवारीत लिव्हरपूलला परतला. युरोपीय चषक जिंकून तेव्हा एक वर्षही उलटले नव्हते. अशा क्लबाला या फाउलरची गरज होती काय?

पहिल्या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार भारतीय दर्शनांत आढळतो. बौद्धांच्या क्षणिकवादानुसार, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होऊन तिच्या जागी तत्सदृश दुसरी उत्पन्न होते या मतानुसार, 1993 चा फाउलर आणि 2006 चा फाउलर यांच्यात केवळ कार्यकारणाची अखंड परंपरा आहे, ऐक्य नाही. नैयायिक याच्या उलट प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हाच तो’ अशा ओळखीचा, आधार घेतात आणि पूर्वी पाहिलेला व आता दिसणारा एकच नसेल तर अशी ओळख संभवणारच नाही, असा युक्तिवाद करतात. अद्वैत वेदान्ती ‘हाच तो देवदत्त’ या प्रसिद्ध उदाहरणाचे विश्लेषण करताना मधला, परंतु अधिक उपयोगी मार्ग दाखवतात: त्या काळचा व त्या स्थळीचा ही ‘तो’ची विशेषणे आणि या काळचा व या स्थळीचा ही ‘हा’ची विशेषणे परस्परविरुद्ध असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सोडावी लागतात, आणि मगच उरलेल्या व्यक्तीचे ऐक्य सिद्ध होते. याचा अर्थ असा की परत येते ती व्यक्ती. तिच्याभोवतीचा काळ, शरीराची अवस्था, सोबती आणि प्रतिस्पर्धी यांपैकी काहीही तिच्याबरोबर परत येत नाही.

पाठीराख्यांची चूक नेमकी येथे घडते, कारण ते ऐक्य मान्य करताना विशेषणे सोडायला तयार नसतात. पूर्वी पाहिलेल्या वस्तूचा स्मृतीच्या रूपाने दुसऱ्याच वस्तूवर होणारा भास, ज्याला शंकराचार्यांनी अध्यास म्हटले, तोच प्रकार मैदानावर घडतो. डोळ्यांसमोर तिशीतला, जपून धावणारा खेळाडू असतो आणि मन त्याच्यावर अठरा वर्षांच्या मुलाची चपळाई आरोपित करीत असते. थिएरी ऑन्री 2012 च्या जानेवारीत काही आठवड्यांपुरता आर्सेनलला परतला, तेव्हा हा भेद क्वचितच दिसावा इतका स्पष्ट झाला होता. त्याचा पुतळा महिनाभरापूर्वीच मैदानाबाहेर उभा राहिला होता, त्याचा प्रसिद्ध 14 क्रमांक आता दुसऱ्या खेळाडूकडे होता, आणि ऑन्री 12 क्रमांक घेऊन बदली खेळाडू म्हणून उतरला. लीड्सविरुद्धचा त्याचा विजयी गोल सर्वांना आठवतो. पण त्या पुनरागमनाचे खरे शहाणपण त्याआधीच, पुतळा आणि खेळाडू यांची गल्लत न करण्यात, दिसून आले होते.

तथापि भूतकाळ सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष येथून काढणे बरोबर होणार नाही. वैशेषिक दर्शनात संस्कार नावाचा एक गुण सांगितला असून त्याचे तीन प्रकार मानले आहेत: गतिमान वस्तूतील वेग, ताणलेली वस्तू पूर्वस्थितीला आणणारा स्थितिस्थापक, आणि अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा, म्हणजे भावना. पहिले दोन देहासारख्या मूर्त द्रव्यांच्या ठायी असतात, तर भावना केवळ आत्म्याच्या ठायी असते. ही विभागणी आघाडीपटूला अक्षरशः लागू पडते. वय त्याच्या पायांतला वेग आणि स्नायूंची पूर्ववत होण्याची शक्ती घेऊन जाते, परंतु बचावपटूच्या पाठीमागे कोणत्या क्षणी सरकावे, चेंडू कोठे येऊन पडेल, दडपणाच्या घडीला शांत कसे राहावे, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून मुरलेले ज्ञान त्याच्यापाशी उरते. यावरून स्मृती आणि हा भावनारूप संस्कार यांतला निर्णायक भेद हाती लागतो: स्मृती प्रेक्षकांपाशी असते आणि ती गेलेल्या गोष्टीची असते, तर संस्कार खेळाडूपाशी असतो आणि तो आज, या घटकेला, कार्यक्षम असतो. क्लबाने मोल द्यायचे ते संस्काराचे.

या निकषावर प्रत्यक्ष उदाहरणे तपासता येतात. इयन रश 1987 मध्ये युव्हेंटसला गेला आणि एकाच मोसमानंतर लिव्हरपूलला परतला. त्याचा वेग व संस्कार दोन्ही शाबूत होते, आणि 1989 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने दोन गोल केले. याउलट क्रिस्टियानो रोनाल्डो बारा वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 2021 मध्ये मँचेस्टर युनायटेडला परतला. त्या मोसमात त्याने 24 गोल केले, म्हणजे गोल करण्याचा संस्कार ढळला नव्हता; परंतु आदल्या मोसमात दुसरा आलेला संघ सहाव्या स्थानी घसरला आणि 2022 च्या नोव्हेंबरात परस्परसंमतीने करार संपवावा लागला. संघाच्या घसरणीचा दोष एकट्या खेळाडूवर ठेवणे अन्यायाचे होईल, परंतु स्मृतीने जे वचन दिले होते ते पाळणे कोणालाही शक्य नव्हते. फाउलरच्या वेळी लिव्हरपूलने हस्तांतरण शुल्काशिवाय, मोसमाअखेरपर्यंतचा करार केला आणि पुढे तो एका वर्षाने वाढवला. पहिल्या कारकिर्दीत 171 गोल करणाऱ्या फाउलरने दुसऱ्या कारकिर्दीत 12 गोल केले; ज्यांनी स्मृतीच्या मापाने मोजले त्यांना ते अपयश वाटले असेल, पण कराराने जेवढे मागितले होते तेवढे त्याने प्रामाणिकपणे दिले.

उरतो तो ऋणाचा प्रश्न. ज्याने क्लबासाठी तारुण्य वेचले त्याला उतारवयात संघात जागा देणे हीच कृतज्ञता, असे म्हणणाऱ्यांच्या मनातील सद्भाव आदरणीय आहे. मात्र धर्मशास्त्रात दानाचे जे लक्षण केले जाते, ते येथे आडवे येते. स्वतःचे स्वामित्व सोडून दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे म्हणजे दान. जे आपले नाही ते देता येत नाही. मैदानावरील अकरा जागांचा क्लब हा मालक नसून विश्वस्त आहे, कारण त्या जागांवर त्या दिवशीच्या सर्वांत योग्य खेळाडूंचा हक्क असतो. कृतज्ञतेपोटी दिलेल्या जागेची किंमत क्लब मोजत नाही, तर बाकावर बसलेला एखादा तरुण मोजतो, आणि दुसऱ्याच्या हक्कातून फेडलेल्या ऋणाला कृतज्ञता म्हणता येत नाही.

ऋण कसे फेडावे, याचे दिग्दर्शन देवऋण, ऋषिऋण व पितृऋण या तीन ऋणांच्या कल्पनेत आहे. ऋषींचे ऋण त्यांना काही परत देऊन फिटत नाही. त्यांनी दिलेल्या विद्येचे अध्ययन करून ती पुढे चालवल्याने फिटते. या न्यायाने फाउलरचे ऋण लिव्हरपूलला खऱ्या अर्थाने फेडायचे असेल, तर 1993 साली त्या अठरा वर्षांच्या मुलाला जी संधी मिळाली ती आजच्या मुलाला देणे, हाच त्याचा मुख्य मार्ग ठरतो. खेळाडूकडून विद्येचे संक्रमण मैदानाबाहेरूनही होऊ शकते. फाउलर स्वतः पुढे प्रशिक्षक झाला आणि 2020-21 च्या मोसमात, संपूर्ण इंडियन सुपर लीग गोव्यात खेळवली गेली त्या वर्षी, तो ईस्ट बंगालचा मार्गदर्शक होता.

ज्याला पाठीराखे देव म्हणतात त्याच्यावरील भक्ती जर निष्काम, म्हणजे फळाची अपेक्षा न धरणारी, असेल, तर तिला त्याच्या पुनरागमनाची गरज नाही, कारण ती त्याच्या नव्या गोलांवर अवलंबून नाही. आणि ती सकाम असेल, तर तिने फळाचा विचार डोळसपणे केला पाहिजे. म्हणून जुन्या आघाडीपटूला अवश्य परत घ्यावे, पण तेव्हाच, जेव्हा त्याच्यातला संस्कार आजच्या संघाच्या उपयोगी पडणारा असेल, करारात त्याची आजची भूमिका स्पष्ट असेल, आणि त्याच्या येण्याने होतकरू खेळाडूची वाट अडण्याऐवजी त्याला काही शिकायला मिळणार असेल. या अटी पूर्ण होत नसतील, तर त्याला सन्मानाने नकार देणे हे क्लबाचे कर्तव्यच आहे, आणि त्या नकाराने त्याच्यावरील प्रेमाला कोणताही उणेपणा येत नाही.