लिंपणारे हात

"दरवर्षी नव्याने लिंपतात, मग त्यात जुनं काय राहिलं?" मालीतल्या जेन्ने गावच्या मोठ्या मशिदीचं छायाचित्र पाहून एक स्नेही सहज बोलून गेले. तेव्हापासून त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मशीद सगळी मातीची, आजची वास्तू १९०७ ची. पावसाळ्याआधी सारा गाव तिला नवा गिलावा देतो. नदीकाठचा चिखल भाताचा कोंडा घालून मुरत ठेवलेला असतो. पोरं तो पायांनी तुडवतात, बायका पाणी वाहतात आणि गवंडी भिंतीबाहेर आलेल्या ताडाच्या वाशांवर चढून तो हातांनी थापतात. ते वासे म्हणजे भिंतीतच बसवलेली परांची. बांधणाऱ्याने पुढच्या प्रत्येक वर्षाच्या लिंपणाऱ्याची सोय आधीच करून ठेवली!

कोकणातल्या घरी आजी पडवी सारवायची. बोटांच्या अर्धगोल रेघा एकीत एक गुंतत उंबऱ्यापर्यंत येत. ओलं वाळेपर्यंत आम्ही पायरीवर ताटकळत बसायचो. ती जमीन किती जुनी, हे कधी कुणाच्या मनातही आलं नाही. आजी गेली आणि दोन पावसाळ्यांत त्या जमिनीचे पोपडे निघाले.

वारशात मी वस्तू आणि वहिवाट यांत फरक करतो. स्नेह्यांचा जीव वस्तूत आहे. पण २०१२ मध्ये टिंबक्टूतली संतांची मातीची समाधिस्थळं सशस्त्र टोळ्यांनी फोडली, ती २०१५ पर्यंत तिथल्याच गवंड्यांनी पुन्हा उभी केली. त्यांना नकली म्हणायचं? हात शाबूत होते म्हणून ती परत आली. राखीव रानांतही वस्तू की वहिवाट, हाच प्रश्न. १९५९ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतून हलवलेल्या मासाई गुराख्यांना शेजारच्या गोरोंगोरोत गुरं चारण्याचं आश्वासन मिळालं होतं. अलीकडे तिथूनही त्यांना दूर न्यायचं चाललं आहे. गवत राखायचं आणि गुराखी काढायचा, हे मला पटत नाही.

तेव्हा वस्तू नव्हे, वहिवाट जपा, असं लिहून मी थांबणार होतो. पण जेन्नेचं जुनं गाव १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यात लोकांची राहती मातीची घरंही आली. रूप बदलायचं नाही, हा नियम तिथल्या कित्येकांना जाचतो. त्यांना जमिनीवर फरशी हवी आहे. आणि आजीच्या पडवीत आम्ही काय केलं? फरशीच बसवली. सारवायला कुणाचे गुडघे वाकत नव्हते. आम्हाला कुणाची परवानगी काढावी लागली नाही.

म्हणजे वहिवाटही सक्तीने चालवून घेता येत नाही. तसं केलं की ती वेठबिगार होते. जगाला जेन्नेची मातीच हवी असेल, तर चिखलाचा, कोंड्याचा, गवंड्याच्या रोजाचा खर्च जगाने उचलावा. आणि तो उचलल्यावरही, फरशी हवी की नको, हे त्या घरात केर काढणाऱ्या बाईने ठरवावं.