सायकल हे यान आहे काय?

तीर्थाला पायी जावे की वाहनाने, हा प्रश्न धर्मशास्त्रात जुना आहे आणि शास्त्रकारांनी त्याचे उत्तर सावकाराच्या चोपडीला शोभेल इतक्या काटेकोरपणे मांडले आहे. ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांपोटी जो यानात बसून जातो त्याचे तीर्थ निष्फळ होते, असे मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य सांगते. धर्मशास्त्रवचनांच्या संकलनांत, म्हणजे निबंधग्रंथांत, उद्धृत केलेले दुसरे एक वचन याहून बारकाव्यात शिरते. बैलाच्या गाडीने गेल्यास गोवधाचे पाप, घोड्याच्या वाहनाने गेल्यास फळ शून्य, माणसांनी वाहिलेल्या वाहनातून गेल्यास फळ निम्मे, आणि पायी गेल्यास चौपट. आणखी एका वचनात छत्री आणि पादत्राणांचीही वजावट सांगितली आहे. वाटेत व्यापार केला तर चारांतले तीन हिस्से जातात, दान घेतले तर सगळेच. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) तीर्थयात्रेचा हा सगळा विचार एकत्र केला आहे. या तक्त्यात सायकल नाही, कारण ती एकोणिसाव्या शतकातली. पण ती कोणत्या रकान्यात बसते हे विचारले की तक्त्यामागचे तत्त्व उघडे पडते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरच्या पैनगंगेच्या खोऱ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पुसदहून आलेली पूस नदी हिवरा संगमजवळ पैनगंगेला मिळते. पुढे धनोड्याला नदी ओलांडली की समोर माहूरचे डोंगर. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर हीच नदी इंग्रज अंमल आणि निजामाचा मुलूख यांच्यातली सीमा झाली. माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे, पण उत्तरेकडच्या यात्रेकरूंची वाट यवतमाळच्या गावांतूनच जाते. पांढरीच्या मातीच्या ढासळत्या गढ्या, हेमाडपंती देवळांचे सुटलेले चिरे, तांडे, कापसाची शिवारे आणि मधून सागाचे जंगल, असा हा मुलूख आहे. हमरस्ता सोडला की खालचा रस्ता मुरमाचा, नाहीतर पांदणीचा.

माहूरची स्थलकथा या प्रश्नाशी थेट भिडते. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पिता जमदग्नीचा देह आणि दुसऱ्यात माता रेणुका घेतली व तो भार खांद्यावर वाहत तो येथे आला, अशी ती कथा. देवीच्या साडेतीन पीठांपैकी एका पूर्ण पीठाचा आरंभ असा स्वतः वाहिलेल्या ओझ्यापासून सांगितला जातो. शास्त्रातल्या तक्त्याकडे याच नजरेने पाहिले तर त्याची विसंगती नाहीशी होते. बैल, घोडा आणि पालखीचे भोई यांत समान काय आहे? यात्रा एकाची आणि घाम दुसऱ्याचा. बैल मुका आणि पूज्य, म्हणून दोष सर्वांत मोठा. भोई मजुरी घेतो, म्हणून निम्मे फळ शिल्लक राहते. पुण्य कापले जाते ते वेगामुळे नव्हे, श्रम दुसऱ्यावर ढकलल्यामुळे. या अर्थाने सायकल यान ठरत नाही. तिला ओढणारे पाय बसणाऱ्याचेच असतात.

मात्र श्रम हेच माप मानले तर हिशेब दुसऱ्या बाजूने बिघडतो. सायकलस्वार पादचाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि त्यासाठी एकपंचमांश शक्ती खर्च करतो, असे इव्हान इलिच यांनी १९७४ च्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात मांडले. इलिच हे एके काळचे कॅथलिक धर्मगुरू, आणि यंत्रांमध्ये सायकलीवर त्यांचा विशेष लोभ. त्यांचा आकडा प्रमाण मानला तर दर कोसामागे सायकलवाल्याचे पुण्यही पाचव्या हिश्शावर यावे. येथे मुरमाड रस्ता मदतीला येतो. इलिच यांचे गणित सपाट, टणक रस्त्याचे आहे. पांदणीत ते चालत नाही.

अशा रस्त्यांसाठी बनवलेल्या ग्रॅव्हल सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खड्यावर उसळत नाही, त्याला धरून चालतो. उन्हाळ्यात मुरमाच्या उतारावर ब्रेक जोरात दाबला की मागचे चाक घसरते. पावसाळ्यात काळी माती टायरला थरावर थर चिकटते, चिमट्यात गच्च बसते, आणि अखेर चाक फिरायचेच थांबते. मग खाली उतरून तुराटीने चिखल खरवडणे आणि सायकल खांद्यावर घेणे एवढेच उरते. त्या घटकेला वाहन कोण आणि वाहक कोण, याचा निवाडा निबंधकारांनाही जड गेला असता.

श्रम पुरेसे झाले म्हणून ते तप ठरत नाही, हा पुढचा आक्षेप अधिक गंभीर आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस, आणि ते चंचल व अल्पजीवी असते. देहाला हट्टाने पीडा देणारे तामस. घाट चढून झाल्यावर किती मीटर चढाई झाली याचा नकाशा फोनवरून दहा गटांत धाडणारा स्वार पहिल्या वर्णनात चपखल बसतो. फळाची आशा सोडून केलेले तप सात्त्विक, पण तसे तप करणाऱ्याचा नकाशा कोणाच्या पाहण्यात येत नाही.

त्याहून अडचणीचा मुद्दा पैशाचा. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना कारण दिले आहे ते असे की यज्ञाला सामग्री आणि संपत्ती लागते, ती दरिद्र्याला परवडत नाही. तीर्थयात्रा मात्र त्यालाही करता येते. ग्रॅव्हल सायकलीची किंमत कित्येक हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते, आणि पुष्कळदा ती सायकल मोटारीच्या टपावर बसून खोऱ्यापर्यंत येते. म्हणजे सायकलच यानातून यात्रेला निघाली. मत्स्यपुराणातला ‘ऐश्वर्य’ हा शब्द येथे बोचतो. बाराव्या शतकातल्या लक्ष्मीधराच्या ‘कृत्यकल्पतरू’ने या निषेधाचा रोख ऐश्वर्याच्या गर्वावरच धरला आहे. हे वाचन योग्य वाटते, आणि ते मान्य केले की दोष यंत्रातून उठून बसणाऱ्याकडे जातो.

खरे तर मुरमाच्या वाटेने हिंडणारा स्वार यात्रेकरूपेक्षा अटन करणाऱ्याला जवळचा आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायांना नित्य अटनाचा आचार सांगितला. एका ठिकाणी रुजायचे नाही, भिक्षेवर राहायचे, एकांतात स्मरण करायचे. यात्रेला गंतव्य असते, अटनाला नसते. त्यामुळे त्यात फळाची टक्केवारीही नाही. महानुभाव परंपरेत माहूरला थोर स्थान आहे. पंथाच्या पंचकृष्णांपैकी चांगदेव राऊळांना दत्तात्रेय प्रभूंनी येथे वाघाच्या रूपात दर्शन दिले, असे ती परंपरा मानते. नदीअलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये एक वाघ निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून काही महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा मार्ग कळला, आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. त्याला जागा आणि जोडीदार हवा होता. महानुभाव भिक्षूने नेमक्या याच दोन गोष्टी सोडलेल्या असतात. सायकलस्वार या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. रस्त्यासाठीच रस्ता निवडण्यात तो भिक्षूसारखा, पण संध्याकाळी त्याला घरचे जेवण असते.

याच रस्त्यांवर दुसरीही सायकल चालते. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळतात. त्या मुलींचे टायर अरुंद, गिअर नाही, आणि मुरूम तोच. शास्त्राचा तक्ता त्यांच्याविषयी काही बोलत नाही, कारण त्याचा निषेध यानात बसणे ज्याच्या हाती आहे त्याला उद्देशून आहे. असमर्थाला त्यातून सूट देण्याची वाट निबंधकारांनी ठेवलेली आहे. नदी उतरण्यासाठी नावेत बसणेही त्यांनी दोषात धरलेले नाही.