सर्वांच्या देखत दिलेली मजुरी



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपणा नाशिककरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणारे मजूर आपण दरवर्षी पाहतो. कामाच्या आशेने सकाळी नाक्यावर उभी राहणारी माणसेही आपल्या ओळखीची आहेत.

या दाखल्यातील मालकाच्या औदार्याविषयी आपण नेहमी ऐकतो. आज एका लहानशा तपशिलाकडे लक्ष देऊ या. शेवटी आलेल्यांपासून मजुरी द्यायला सुरुवात कर, असे मालक कारभाऱ्याला सांगतो. पहाटेपासून राबलेल्यांना आधी पैसे देऊन घरी पाठवले असते, तर कोणाला किती मिळाले हे त्यांना कळले नसते आणि कुरकुरही झाली नसती. मालकाने ती सोपी वाट धरली नाही. त्याने मजुरी सर्वांच्या देखत दिली, तक्रार ऐकली आणि तिला उत्तर दिले. ज्याचा व्यवहार स्वच्छ असतो, त्याला प्रश्नांची भीती नसते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांवर जगतात. कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार यांतील फरक त्यांना ठाऊक आहे. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरीजवळ मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्स कारखान्यात भीषण आग लागली आणि कामगारांचे प्राण गेले. कारखाना कोणताही असो, अशा वेळी पहिला प्रश्न असतो: आत किती माणसे होती? ज्याची नोंद नाही, त्याचा शोध कोण घेणार?

या मळ्यांचे मालक कोण? थोडेथोडे आपणही आहोत. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या ठेवींचा काही भाग २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवला जातो. कोणी म्युच्युअल फंडात दरमहा पैसे भरतात. नफा आपल्या घरी येतो, तेव्हा तो कोणाच्या घामातून आला हे विचारण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते.

विचारण्याची सोयही आता झाली आहे. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. कायम कामगार किती व इतर किती, किमान वेतनावर किती, अपघातात किती जखमी झाले व किती दगावले, किती तक्रारी पडून आहेत, हे त्यात सांगावे लागते. अहवाल कंपनीच लिहिते, म्हणून तो डोळे उघडे ठेवून वाचावा. लहान कारखान्यांना हा नियम लागू नाही, हेही लक्षात ठेवावे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या पत्रात शिकवले की, दोघांनी मान्य केली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. तिच्यातून कामगाराचा निर्वाह झाला पाहिजे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी याच वारशाची आठवण ठेवून लिओ हे नाव घेतले. व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्र अकादमीने २०२२ मध्ये 'मेन्सुराम बोनम' ही गुंतवणूकदारांसाठी पुस्तिका काढली. अयोग्य व्यवसायांत पैसा घालू नये एवढेच ती सांगत नाही. कंपनीशी बोलावे, तिला सुधारण्यास भाग पाडावे, असाही मार्ग ती दाखवते.

म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. ज्यांची गुंतवणूक आहे, त्यांनी एका तरी कंपनीच्या अहवालातील कामगारांविषयीची पाने वाचावीत. ज्यांची नाही, त्यांनी आपल्या घरच्या मोलकरणीचा, ड्रायव्हरचा, बांधकामावरील मजुराचा हिशेब तपासावा. आपण देतो ती मजुरी सर्वांसमोर मोठ्याने सांगता येईल का? सांगताना जीभ अडखळली, तर कुठे सुधारायचे ते आपल्याला कळेल.

मळ्याचा धनी आपणा सर्वांना न्यायाने वागण्याचे बळ देवो.

आपले धर्मगुरू