दिशा यमाची, ऊन सूर्याचं

छतावर सोलर बसवायचं ठरलं की घरात दोन प्रश्न निघतात. पॅनलची तोंडं कुठे करायची आणि किती किलोवॅटचं घ्यायचं? पहिल्यावर घर वाद घालतं, दुसरा बसवणाऱ्यावर सोडून देतं. खरं तर धर्माचा विचार दुसऱ्याला जास्त लागतो.

दिशेचं उत्तर भूगोलाने दिलेलंच आहे. पुण्यासारख्या ठिकाणी मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्यातले बरेच दिवस ढगांत जातात. उरलेलं सगळं वर्ष तो दक्षिणेकडूनच जातो. म्हणून पॅनल दक्षिणेकडे, अठरा-वीस अंशांनी कलते. पूर्व-पश्चिम ठेवले तरी चालतं, वीज थोडी कमी मिळते.

पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडे दार नको, तिकडे पाय करून झोपायचं नाही. ज्यांनी गेलेल्या माणसांचं तर्पण दक्षिणेकडे तोंड करून केलं आहे, त्यांच्या मनातली ही धास्ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना उत्तर द्यायचं तर परंपरेतूनच द्यावं, आणि ते तिथे आहे. यम हा विवस्वानाचा, म्हणजे सूर्याचाच मुलगा. उज्जैनचा महाकाल दक्षिणमुखी आहे. ज्ञान देणारा शिव दक्षिणामूर्ती म्हणून पूजला जातो. दक्षिणमुखी मारुतीला तर लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. दक्षिणेचं वावडं सरसकट कधीच नव्हतं.

सूर्याशी दिशा जुळवणं म्हणजे काय, हे पाहायचं तर कोल्हापूरला जावं. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात येतात आणि मूर्तीच्या चरणांपासून दिवसागणिक वर चढत चेहऱ्यापर्यंत जातात. या दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे 17 अंशांवर असतो, म्हणून मावळतीची जागाही तीच. ज्यांनी हे बांधलं त्यांची भक्ती मोजमापात उतरली होती. आणि अडचण आली ती कुठून? महाद्वाराबाहेरच्या, किरणांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे. कधी किरणं पोहोचतात, कधी अर्ध्यातच विरतात. एखाद्या मजल्याची सावली केवढा फरक पाडते, हे कोल्हापूरकरांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

घराच्या छतावर तेच काम पाण्याची टाकी करते. वास्तूप्रमाणे ती नैऋत्येला असते, आणि हिवाळ्यात दुपारनंतर सूर्यही तिकडेच उतरतो. पॅनलपेक्षा दहा फूट उंच असलेल्या टाकीची सावली डिसेंबरात दुपारी तीनला चौदा फुटांच्या आसपास पडते. एका पॅनलच्या कोपऱ्यावर आली तरी त्या पॅनलची वीज बरीच उतरते, आणि जोडणी साधी असेल तर ओळीतल्या इतर पॅनलनाही त्याची झळ बसते. त्यामुळे डिसेंबरातल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखून ठेवाव्यात. पंचांग आणि टेप, दोन्हीचा मान त्यात राहतो.

आता आकार. महाराष्ट्रात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो आणि सुमारे शंभर चौरस फूट जागा घेतो. महिन्याला तीनशे युनिटं लागणाऱ्या घराला अडीच किलोवॅट पुरतात. 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे. 78,000 वर ते थांबतं. त्यामुळे ‘तीनच घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, मग घराची गरज दीडची का असेना.

ईशोपनिषद त्यागपूर्वक भोगायला सांगतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, घेऊन परत न देणारा चोर ठरतो. यावर कोणी म्हणेल, जास्तीची वीज नेट मीटरमधून शेजाऱ्यालाच जाते, मग मोठा संच हा लोभ कसा? मुद्दा योग्य आहे. ज्याच्याकडे मोकळी गच्ची आणि पैसा आहे, त्याने जास्त वीज करून जाळ्यात सोडावी, ते चांगलंच. लोभ शिरतो तो बिल शून्य झाल्यावर, रिकाम्या खोलीत एसी चालू राहतो तिथे. पॅनलची काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन खाणीतून आणि भट्टीतूनच येतात. ऊन फुकट असलं तरी ते पकडणारी वस्तू फुकट नाही.

म्हणून हिशोब खर्चापासून सुरू करावा. जुना पंखा साधारण 75 वॅट ओढतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30. असे पाच पंखे रोज बारा तास चालत असतील तर बदलल्यावर दिवसाला 2.7 युनिटं वाचतात, म्हणजे जवळपास पाऊण किलोवॅटचं पॅनल लागतच नाही. अपरिग्रहाला आकड्यात मांडायचं तर ते असं दिसतं.

सोसायटीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण गच्ची सगळ्यांची असते. वरच्या मजल्यावरच्याने आधी अर्ज केला म्हणून सगळं ऊन त्याचं होऊ नये. आधी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यापुरता संच घ्यावा, उरलेली जागा मग सभेत वाटावी. असा सामाईक विचार अख्खं गावही करू शकतं: पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. तिथे घरांच्या छतांबरोबर पथदिवे आणि पाणीपुरवठाही सौरऊर्जेवर आणले गेले.