पाय टेकतात का?

पेढे बाजूला ठेव आणि बस. बुकिंगचे पैसे भरलेस, स्टेटस टाकलंस, बोईसरला नवापूर नाक्यापासून स्टेशनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. त्या गाडीवर बसल्यावर तुझे पाय टेकतात का?

‘शोरूममध्ये बसून बघितलं’ हे उत्तर नाही. तिथे गाडी स्टँडवर होती, खाली सपाट लादी होती आणि समोर मित्र फोन धरून उभा होता. स्टँड काढून, टाकी भरून, गाडी दोन पायांत सरळ तोलून उभा राहिलास का? नाही राहिलास. तुझ्या तोंडावरच दिसतंय.

तुझी उंची पाच फूट चार इंच. हिमालयन ४५० ची सीट खाली घेतली तरी जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, वर घेतली तर ८४५. म्हणजे तुझे चवडे टेकणार आणि टाचा हवेत राहणार. वजन १९६ किलो. गाडीला मी नावं ठेवत नाही. २०१६ साली पहिली हिमालयन आली ती ४११ सीसीची, २०२३ च्या नोव्हेंबरात ही ४५२ सीसीची आली, आणि ज्याला ती झेपते त्याच्यासाठी उत्तम गाडी आहे. तुला आज ती झेपत नाही.

गुरुत्वमध्य मी तुला शिकवलाय. पाठ करून मार्क घेतलेस आणि परीक्षा संपल्यावर सोडून दिलास. कागद घे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर धर, हँडल एकशे दहावर. गाडी वीस अंश कलली, तर ती तोलायला हँडलपाशी साधारण ३७ किलोचा जोर लागतो. तीस अंशांवर तो ५३ होतो. तुझं स्वतःचं वजन किती? अठ्ठावन्न. आणि हे सामानाशिवाय. मागे दोन बॅगा आणि वर तंबू धरला, की आकडा कुठे जातो ते तूच काढ. टाच टेकलेली असेल तर माणूस गाडीला दहा अंशांवरच सावरतो, वीसपर्यंत जाऊच देत नाही. चवड्यावर उभा असलेला सावरू शकत नाही.

आणि लादीवर न दिसणारी एक गोष्ट सांगतो. आपण डावीकडून चालतो आणि थांबतोही डावीकडे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. त्यापुढे साइडपट्टी खचलेली. वाघोबा खिंडीत पावसाळ्यानंतर बघ, डांबर आणि माती यांच्यामध्ये वीतभर पायरी झालेली असते. तू थांबणार, डावा पाय खाली सोडणार आणि जमीन जिथे असायला हवी तिथे ती नसणार. गाड्या बहुतेक वेळा अशाच पडतात, ताशी शून्य किलोमीटर वेगाने. दरीच्या बाजूला.

‘सर, चालती गाडी पडत नाही.’ माहीत आहे. पण घाटात गाडी चालतीच राहते हे तुला कोणी सांगितलं? विक्रमगडहून जव्हारला चढताना वळणावर समोरून एसटी येते तेव्हा तू थांबतोस. आणि लडाखला जायचंय ना तुला? जोजिलावर लष्कराच्या ट्रकांची रांग येते तेव्हा तू चिखलात, चढावर, कडेला थांबतोस आणि ती रांग संपेपर्यंत तिथेच उभा राहतोस. डोंगरात चालवण्याइतकंच थांबणंही असतं. रीलमध्ये ते कापलेलं असतं. पडलेली गाडी तिघांनी उचलली तेही कापलेलं असतं. गाडीच्या कंपनीच्याच हिमालयन ओडिसीसारख्या मोहिमा २००४ पासून निघतात, त्यांच्या मागे मेकॅनिक आणि डॉक्टर चालत असतात. तुझ्यामागे कोण आहे? तुझा तो मित्र. त्याला स्कूटरशिवाय काही येत नाही.

ताकदीचं म्हणतोस ना, की डोंगराला मोठं इंजिन लागतं? अरे, फिजिक्सला माझ्याच वर्गात बसलेलास ना तू? उंची वाढली की हवा विरळ होते आणि इंजिन दर हजार फुटांना उरलेल्या ताकदीतली साधारण तीन टक्के गमावतं. खारदुंगलावर पाटी १८,३८० फुटांची आहे; मोजणीत खिंड भरते १७,५८२ फूट. पाटीशी फोटो काढणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही, मला पडतो. तिथे इंजिनाची जवळजवळ चाळीस टक्के ताकद गेलेली असते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं माप हवेनुसार जुळवून घेतं, पण नसलेली हवा ते आणणार कुठून? तुझ्या चाळीस पीएसचे उरले चोवीस. दोनशे सीसीच्या एक्सपल्सच्या एकोणीसचे उरले अकरा-बारा. आणि आठ पीएसची स्प्लेंडर? तीही खारदुंगलावर जाते, लोक स्कूटर घेऊनही जाऊन आलेत. कारण त्या रस्त्यावर दगड, पाणी आणि वळणांतून वेग असाही फार ठेवता येत नाही. जी ताकद वापरताच येणार नाही, तिच्यासाठी तू एक्सपल्सपेक्षा पस्तीसेक किलो जास्तीचं लोखंड मांड्यांत धरायला निघालास.

युरोपचं मी काढतोच, नाहीतर तू मोबाइलमध्ये शोधून माझ्या तोंडावर मारशील. तिकडे अठरा वर्षांच्या नवख्याला ३५ किलोवॅटपर्यंतची गाडी चालवता येते आणि ही ४५० त्यात बसते. खरं आहे. पण तिथे त्याआधी खऱ्या रहदारीत परीक्षकाला मागे ठेवून चालवून दाखवावं लागतं. तू काय दाखवलंस? आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढलास. त्या एका आठच्या बळावर आपला कायदा तुला शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत काहीही चालवायला देतो. कायद्याने दिलं म्हणून आपल्याला आलं असं नसतं.

ही खोड आपल्याच पोरांची आहे असंही नाही. तुझा मामेभाऊ गुलमर्गला बर्फावरच्या स्नो-स्कूटरवर बसून आला आणि आल्यापासून छाती फुगवून फिरतोय. त्याला विचार, मागे स्थानिक माणूस बसला होता की नाही. कॅनडात, अमेरिकेत डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी लांब पट्ट्याच्या स्नोमोबाइल मिळतात, साडेआठशे सीसी आणि दीडशेच्या वर अश्वशक्ती. तिथलेही नवखे आधी तीच मागतात. मग आडव्या उतारावर यंत्र एका बाजूला कलतं, बर्फात रुततं, आणि ते उकरून काढण्यातच दिवस जातो. तिथले जाणते लोक पोराला आधी हिमस्खलनाचा वर्ग करायला लावतात, अंगावर बीकन, पाठीला फावडं आणि बर्फात खुपसायची काठी देतात, आणि यंत्राचं नाव त्यानंतर काढतात. तुझ्या यादीत यंत्र पहिलं आहे आणि बाकी कागद कोरा.

चढ सोपा असतो. मी मोखाड्याकडे एका आश्रमशाळेत शिकवत होतो तेव्हा राजदूत होती माझ्याकडे, ओरडायची फार, पण चढायची. खरी परीक्षा उतारावर होते. तू उतारावर गाडी न्यूट्रल करतोस. नाही म्हणू नकोस, तुझ्या वडिलांनीच सांगितलंय, पेट्रोल वाचतं म्हणून. यापुढे केलंस तर चावी मी काढून घेईन. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचं. ट्रकवाले हे शाळेत न जाता शिकतात. इंजिन गाडीला मागे खेचतं, ब्रेक फक्त मदतीला. नुसत्या ब्रेकवर घाट उतरलास तर ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक खाली गावाशी पोचेपर्यंत धरेलच असं नाही. आणि तू फक्त मागचा ब्रेक दाबतोस. पुढचा दाबला की माणूस उडतो असं तुला कोणीतरी पाचवीत सांगितलं आणि तू ते अजून धरून बसलायस. ब्रेक लागताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवायचं जास्त कामही तेच करतं. झटका द्यायचा नाही, हळूहळू पिळत न्यायचा. १२५ सीसीच्या वर एबीएस २०१९ पासून सक्तीचं झालंय, तेही मदत करेल. पण ओल्या खडीवर एबीएस चमत्कार करत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. हे समीकरण फळ्यावर तुझ्याच हाताने लिहून घेतलं होतं मी.

तारापूरला कामाला लागून तुला किती दिवस झाले? कंपनीत वेल्डिंगची ठिणगी पाडायची तर आधी हॉट वर्क परमिट लागतं, गॅस तपासतात, सेफ्टीवाला सही करतो, तोवर तू हात लावत नाहीस. बूट, हेल्मेट, गॉगल चढवल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. आणि संध्याकाळी त्याच गेटच्या बाहेर येऊन तू चपला घालून, हेल्मेट आरशाला अडकवून, टँकरांच्या रांगेतून चिल्हार फाट्यापर्यंत ‘टेस्ट राइड’ मारतोस. तुझं डोकं गेटच्या आत कंपनीचं असतं म्हणून जपायचं आणि बाहेर तुझं असतं म्हणून नाही?

हेल्मेटवरून पैशांवर येऊ. ऑन-रोड तीन लाखांच्या वर जाणारी गाडी, कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेला ट्रेनी, आणि जामीन वडील. हप्ता बसल्यावर जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट यांना किती उरतात? शून्य. आणि ते हेल्मेट रस्त्याकडेच्या ढिगातलं. आयएसआय नसलेलं हेल्मेट २०२१ च्या जूनपासून विकताच येत नाही, तरी तुला ते बरोबर सापडलं. विम्याचंही वाच. पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. तू एकटा दगडावर आपटलास, तर गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून रुपया मिळत नाही. त्याला वेगळं कव्हर लागतं, आणि तेच तू हजार-दोन हजार वाचवायला काढून टाकायला सांगितलंस, खरं ना?

लडाखच्या उंचीवर शरीराचं काय होतं त्याबद्दल मी फार बोलणार नाही, ते डॉक्टर सांगतील. एवढंच ऐक. बोईसर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. मनालीहून निघून पहिली रात्र सरचूला चौदा हजार फुटांवर काढायची तुझी योजना मी वाचली. एका दिवसात मनालीवरून सात हजार फूट वर, आणि वर जाऊन झोपायचं. डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, की गाडी कोण चालवणार? श्रीनगर, कारगिलवरून हळूहळू चढ. लेहला पहिले दोन दिवस काही करू नकोस, भिंतीला टेकून बस. आणि गाडी इथूनच न्यायला हवी हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं? लेहमध्ये भाड्याने मिळते. फक्त श्रीनगरहून किंवा मनालीहून भाड्याची आणलीस तर लेहचे भाडेवाले ती आसपास फिरवायला देत नाहीत, तेव्हा तिथलीच घे.

आता काय करायचं ते ऐक आणि लिहून घे, कारण तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे.

बुकिंग रद्द कर. किती पैसे कापतात ते विचार आणि कापू दे. वडिलांची स्प्लेंडर आहे, ११२ किलो, सीट ७८५. रविवारी ती त्यांच्याकडून मागून घे. हा पावसाळा तिच्यावर काढायचा. मनोर, विक्रमगड, जव्हार. जव्हारच्या पुढे मोखाडा. धुकं लागेल, वळणावर शेवाळ लागेल, चिखलणीचे ट्रॅक्टर रस्त्यावर माती सांडून गेलेले असतील, मधोमध गुरं बसलेली असतील. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा अर्धा तास चहा पी. फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तर परत फिर. परत फिरता येतं का हेही बघायचंय मला. सगळ्यात आधी, मैदानात गवतावर गाडी मुद्दाम आडवी कर आणि एकट्याने उचल. उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड उघडायचा, गिअर टाकायचा, मग गाडीकडे पाठ करून, खाली बसून, मांड्यांच्या जोरावर मागे ढकलत उठायचं. कमरेने ओढलंस तर महिनाभर घरी पडशील.

दिवाळीनंतर मला येऊन सांग. तोवर नीट चालवलीस तर जुनी एक्सपल्स बघू. मी येईन बरोबर, तू एकटा गेलास तर रंग बघून घेशील. तिचीही सीट ८२५ च आहे, पण अंगाने अरुंद आणि वजन १६० च्या आत. प्रो नावाची घेऊ नकोस, तिची सीट ८९१ आहे, तू शिडी लावून चढशील. वाचलेल्या पैशांतून आधी बूट आणि हेल्मेट. ४५० चं पुढच्या वर्षी बोलू, तेव्हाही आधी गवतावर आडवी करून उचलून दाखवायची, माझ्यासमोर.

आणि दुकानातल्या पोराला फोन तू आत्ता, माझ्यासमोर लाव. स्पीकरवर.