कोठडीतील काल आणि माणसाचे वय

शिक्षा वर्षांत मोजावी, हे आपण इतके गृहीत धरले आहे की, वर्ष हे सर्वत्र एकसारखे माप आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण नैसर्गिक आयुष्य, असा निर्वाळा दिला. शब्दातला ‘जन्म’ न्यायालयाने जणू अक्षरशः वाचला. या अर्थनिर्णयानंतर शिक्षा आणि वार्धक्य यांत भेद उरत नाही.

अमेरिकेतील अंगोला तुरुंगात आल्बर्ट वुडफॉक्स यांनी चाळीसहून अधिक वर्षे एकांतकोठडीत काढली. कोठडी सहा बाय नऊ फुटांची. दिवसाचे तेवीस तास आत. एका पहारेकऱ्याच्या खुनानंतर १९७२ साली त्यांना तेथे ठेवले तेव्हा ते पंचविशीत होते. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, ते सुटले. त्यांचे ‘सॉलिटरी’ (२०१९) हे आत्मकथन वाचताना लक्षात येते की, वय वाढणे ही केवळ शारीर घटना नव्हे. आई जाते आणि आपण एकाएकी वडीलधारे होतो. वुडफॉक्स यांची आई १९९४ साली वारली. अंत्यविधीला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. कोठडीत काल थांबतो, हे आपल्या समीक्षेचे आवडते विधान म्हणूनच फसवे आहे. गुडघे दुखतात, दृष्टी मंदावते. थांबते ते वयाला अर्थ देणारे नात्यांचे जाळे.

मारल्या गेलेल्या त्या तरुण पहारेकऱ्याला वार्धक्य लाभलेच नाही, हा आक्षेप भावनिक म्हणून झटकणे मला अप्रामाणिक वाटते. (वुडफॉक्स यांनी तो खून अखेरपर्यंत नाकारला, त्यांची दोषसिद्धीही एकाहून अधिक वेळा रद्द झाली, पण युक्तिवादापुरते हे बाजूला ठेवू.) मृताच्या वतीने जाब विचारायचा तो कोणाला? पंचविशीतला तरुण आणि पासष्टीचा माणूस यांना एक ठरवणारा धागा स्मृतीचा आणि कथनाचा. कोठडी नेमका तोच तोडू पाहते. म्हणजे ज्याला उत्तरदायी धरायचे, त्यालाच ती नाहीसे करीत आणते. वुडफॉक्स यांनी तो धागा राखला तो स्वतःच्या बळावर: कायद्याची पुस्तके वाचून, एका सहबंदीला वाचायला शिकवून. तुरुंगाचे श्रेय त्यात शून्य.

त्यांचे सहबंदी हर्मन वॉलेस यांची दोषसिद्धी रद्द होऊन १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुटका झाली. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते, यकृताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले. ३ ऑक्टोबरला राज्याने त्यांच्यावर नव्याने आरोप ठेवला. ४ ऑक्टोबरला ते वारले.