पोलादाचा हिशेब ॲल्युमिनियमला लावू नकोस

चि. मृण्मयीस,

पत्र पोचलं. तुला गाडीच्या क्रॅश बॉक्सचं काम मिळालं हे ऐकून मामीने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र एका वाक्यापाशी अडलो. 'टक्करीत धातू जास्त कणखर होतो, तेव्हा ताकद वीस टक्के जास्त धर,' असं तुला वरिष्ठांनी सांगितलं म्हणतेस. सांगणारा पोलादावर वाढलेला दिसतो.

मऊ पोलादाचं तसंच असतं. कूपर–सायमंड्सच्या सूत्रात त्याच्यासाठी 40.4 हा आकडा घालतात. म्हणजे सेकंदाला तेवढा स्ट्रेन रेट झाला की यील्ड दुप्पट धरायची. हाच हिशेब तुझ्या 6061 ॲल्युमिनियमला लावलास तर फसशील.

आधी वेग डोळ्यांपुढे आण. यूटीएमवर, म्हणजे ओढ-चाचणीच्या यंत्रावर, 50 मिमी गेज लांबीचा नमुना मिनिटाला 3 मिमीने ओढला, तर स्ट्रेन रेट सेकंदाला एक सहस्रांश. टक्करीत तो शेकड्यांत जातो. लाखपटीचा फरक! एवढ्या घाईत शुद्ध, ॲनील केलेलं ॲल्युमिनियम खरोखर कणखर होतं. धातू वाकतो तो आतली डिसलोकेशन्स सरकतात म्हणून. वाटेतले छोटे अडथळे ओलांडायला त्यांना अणूंच्या उष्ण थरथरीचा हातभार लागतो. घाई केलीस की त्या मदतीसाठी थांबायला वेळ नसतो, मग बळ जास्त लावावं लागतं. पण 6061च्या टी6 टेम्परमध्ये मॅग्नेशियम-सिलिकॉनचे बारीक कण दाट पसरलेले असतात. तो अडथळा असा, की थरथरीने काही साधत नाही. मग घाईने ओढ की सावकाश, आकडा थोड्याच टक्क्यांनी हलतो. शिवाय झटक्यात वाकलेल्या धातूतली उष्णता बाहेर जायला वेळ नसतो, त्यामुळे तो आतून तापून थोडा नरमही पडतो. (भट्टीतून निघालेल्या, 450 अंशांच्या बिलेटचं गणित वेगळं, तिथे प्रेसचा वेग वाढवलास की दाबही वाढवावा लागतो. तुझा बॉक्स थंड आहे, ते सोड.)

आता माझी फजिती ऐक. नोकरीच्या पहिल्या वर्षी 5083 ॲल्युमिनियमचा पत्रा ओढत होतो. कागदावर आलेख करवतीच्या दातांसारखा उमटला. यंत्र बिघडलं म्हणून मी जॉ खोलले, साफ केले, पुन्हा लावले. दात तसेच! तोच नमुना सावकाश ओढला तर बळ उलट किंचित जास्त आलं, तेव्हा मी तो रिपोर्टच फाडून टाकला. खोट यंत्रात नव्हती. त्या मिश्रधातूतले मॅग्नेशियमचे अणू सरकून थांबलेल्या डिसलोकेशन्सना घेरतात, आणि सावकाश ओढलं की त्यांना घेरायला सवड मिळते. पोर्तेव्हँ आणि ल शातलिए या फ्रेंच संशोधकांनी असे दात 1923 सालीच नोंदवले होते. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

तुझी चूक याच्या उलट व्हायची. वेगाने चाचणी घेतलीस की बळ मोजणारा लोड सेल स्वतःच घंटेसारखा थरथरतो. आलेखावर शेंडे येतात आणि माणूस सर्वांत उंच शेंडा उचलून 'बघा, ताकद वाढली' म्हणतो. ती ताकद यंत्राची, धातूची नव्हे. यावर तोडगा म्हणजे कोल्स्की या संशोधकाची पद्धत. त्याने 1949 मध्ये नमुना दोन लांब सळ्यांच्या मध्ये धरून, सळ्यांतून जाणाऱ्या लाटांवरून बळ काढायची युक्ती मांडली. सेकंदाला शेकडो-हजारोंच्या वेगासाठी आजही तिचाच आधार घेतात. तुमच्याकडे ती सोय नसेल तर जिथे आहे तिथे नमुने पाठव. खर्चाला वरिष्ठ कुरकुरतील, कुरकुरू देत.

आणि रिपोर्टवर नुसतं 'ॲल्युमिनियम' लिहिलेलं मला दाखवू नकोस. ग्रेड, टेम्पर, तापमान आणि वेग, चारही हवेत. मिलचा दाखला मिळाला की त्याची प्रत पाठव, टेम्पर काय लिहिलंय ते मी बघतो. तोवर त्या वीस टक्क्यांवर सही करू नकोस.

तुझा,
दत्तूमामा